अपाची सोलर दोन उन्हाळे वापरून: शोध झकास, पण आलेलं उत्तर कोडमध्ये नीट घेतलं तरच

जळगावच्या एका ठिबक आणि पीव्हीसी फिटिंगच्या होलसेल दुकानाचं काउंटरचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. त्यात सर्चसाठी अपाची सोलर (Solr, म्हणजे टाइप केलेल्या शब्दावरून आयटम शोधून देणारं सर्च सॉफ्टवेअर, सौरऊर्जेचं नव्हे) लावून दोन वर्षं झालीत, दोन सीझन काढलेत त्याच्यासोबत, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही. सोलरवर लिहिणारे बहुतेक जण स्पीड, इंडेक्सिंग, क्लस्टर यावर लिहितात. मला लिहायचंय त्याच्या पुढचं, म्हणजे क्वेरी गेली, उत्तर आलं, आता ते उत्तर आपला कोड कसं वाचतो. आमच्याकडे जेवढे घोळ झाले ते सगळे तिथंच झाले, सोलरच्या पोटात एकही नाही.

आधी दुकानाचं सांगतो म्हणजे अंदाज येईल. अकरा-बारा हजार आयटम आहेत. लॅटरल, इनलाइन, ड्रिपर, ग्रोमेट, जॉइनर, एंड कॅप, बॉल व्हॉल्व्ह, सर्व्हिस सॅडल, एल्बो, टी, रिड्युसर, आणि प्रत्येकाचे वेगवेगळे साइज, त्यात पुन्हा ४ केजी ६ केजी, म्हणजे पाइप किती दाब सोसतो ते. गिऱ्हाईक म्हणजे रावेर, यावल, चोपडा, जामनेर तिकडचे छोटे दुकानदार. मे महिन्यात बागायती कापूस आणि केळीची मृगबाग या दोन्हीची तयारी एकदम सुरू होते, मग काउंटरवर उभं राहायला जागा नसते, बाहेर ऊन ४५ च्या घरात आणि आत दोन पोरं सतत टाइप करत असतात. गिऱ्हाईक फोनवर असतं, तीन सेकंदात उत्तर पाहिजे, आहे की नाही.

पहिले हे सगळं मायएसक्यूएल डेटाबेसच्या लाइक (LIKE) क्वेरीवर चालायचं, अक्षरं जशीच्या तशी जुळली तरच सापडणार. एक पोरगा ‘पाईप’ लिहायचा, दुसरा ‘पाइप’, एक ‘१६’ मराठी आकड्यात आणि दुसरा इंग्रजी आकड्यात, कोणाला मिळायचं कोणाला नाही. सोलर घेतल्यावर हा त्रास एका आठवड्यात संपला, आणि हे मी मनापासून कौतुक म्हणून लिहितोय. त्यात हिंदी नॉर्मलायझेशन नावाचा एक फिल्टर आहे, हिंदीसाठी बनवलेला, पण मराठीला चांगला कामाला येतो, ऱ्हस्व-दीर्घ एक करतो, ऑ आणि ओ एक करतो, त्यामुळे पाईप-पाइप, फिल्टर-फील्टर, बॉल-बोल सगळं एका जागी येतं. आकड्यांसाठी डेसिमल डिजिट फिल्टर आहे, तो देवनागरी १६ ला आतमध्ये साधा इंग्रजी १६ करून टाकतो. हिंदीचा स्टेमर मात्र मी लावला नाही, मराठी शब्दांच्या शेपट्या तो भलतीकडे कापतो. आणि आपल्या खान्देशात ळ चा य होतो ना, केळी ची केयी, तसं नळी ला नयी म्हणणारे आणि तसंच टाइप करणारे पण आहेत, त्यांच्यासाठी सिनॉनिमच्या फाइलमध्ये एक ओळ टाकली, नळी, नयी. संपलं काम. इथपर्यंत सोलरला पाचपैकी पाच.

आता मूळ मुद्दा.

पहिल्याच मे महिन्यात रावेरच्या एका दुकानदाराने २ इंची एल्बो मागितला. पोराने टाइप केलं, एल्बो २", आणि स्क्रीनवर आलं ‘माल उपलब्ध नाही’. गिऱ्हाईक म्हणालं बरं, फोन ठेवला, दुसरीकडून माल उचलला. संध्याकाळी नाना, म्हणजे दुकानाचे मालक, आम्ही सगळे त्यांना नानाच म्हणतो, गोडाऊनमध्ये गेले तर दोन इंची एल्बोची पोती थप्पी लावून ठेवलेली. त्यांनी मला फोन केला आणि एवढंच म्हणाले, "गोडाऊनमा माल पडेल शे भाऊ, आनि तुन्हं मशीन नही सांगस." मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण होलसेलमध्ये ‘नाही’ हा शब्द फुकट नसतो, एकदा नाही म्हटलं की तो दुकानदार पुढच्या वेळी आधी दुसऱ्यालाच फोन लावतो.

दुसऱ्या दिवशी बसून शोधलं. गंमत अशी की रिड्युसर २" x १.५" असं टाइप केलं की बरोबर सापडायचं, एल्बो २" मात्र कधीच नाही. तासभर डोकं चालवल्यावर लक्षात आलं. दुकानात इंच म्हणजे ते दोन छोट्या रेघांचं चिन्ह, आणि सोलरच्या साध्या क्वेरी पार्सरला, म्हणजे टाइप केलेली क्वेरी वाचणाऱ्या भागाला, तेच चिन्ह म्हणजे अवतरण. एल्बोमध्ये ते एकदाच येतं, म्हणजे अवतरण उघडलं पण बंदच झालं नाही, मग सोलर ४०० चा एरर देतं, की बाबा ही क्वेरी मला वाचता आली नाही. रिड्युसरमध्ये ते दोनदा येतं, जोडी जुळते, मधलं सगळं एक फ्रेज (सलग शब्द) समजून शोधलं जातं आणि योगायोगाने सापडतंही. बरं, एरर तर सोलरने प्रामाणिकपणे दिला होता. माझ्या कोडमध्ये सर्चच्या फंक्शनभोवती एरर पकडणारा ट्राय-कॅच होता आणि कॅचमध्ये मी लिहिलं होतं, रिकामी लिस्ट परत कर. रिकामी लिस्ट आली की स्क्रीन म्हणते माल उपलब्ध नाही. झालं.

हा एक प्रकार मी पुढे बऱ्याच जणांच्या कोडमध्ये पाहिला, म्हणून जरा थांबून लिहितो. ‘शोधलं आणि सापडलं नाही’ आणि ‘शोधताच आलं नाही’ या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रिकाम्या लिस्टमध्ये टाकल्या की दोन्ही सारख्याच दिसतात. आमच्याकडे दुपारी लाइट जाते, मशीन पुन्हा चालू होतं, सोलरला उठून कोअर (म्हणजे आमच्या आयटमचा इंडेक्स) लोड करायला थोडा वेळ लागतो, तेवढ्या वेळात जेवढे सर्च झाले तेवढ्या सगळ्यांना आमची स्क्रीन ‘नाही’ सांगत होती. किती गिऱ्हाईकं गेली असतील कोणास ठाऊक.

आणि याच्या मधली तिसरी एक अवस्था आहे, ती तर अजून लपून बसते. सोलरला टाइम-अलाउड नावाचं पॅरामीटर देता येतं, इतक्या मिलिसेकंदात जेवढं जमेल तेवढं दे. वेळ संपली तर सोलर एरर देत नाही, स्टेटस व्यवस्थित २०० (म्हणजे सगळं ठीक) येतो, डॉक्युमेंट म्हणजे सापडलेले आयटमही येतात, फक्त रिस्पॉन्सच्या हेडरमध्ये पार्शल-रिझल्ट्स ट्रू असं येतं. ते हेडर तुम्ही वाचलंच नाही तर अर्धवट उत्तर पूर्ण समजून चालता. डॉक्युमेंटेशनमध्ये हे लिहिलेलं आहे, मी वाचलं नव्हतं, कारण उत्तर येतंय म्हटल्यावर हेडर कोण उघडून बघतो.

आता आमच्या कोडमध्ये सर्चचं फंक्शन लिस्ट परत करत नाही. एक छोटा क्लास केलाय, त्यात आयटम आहेत, एकूण किती सापडले तो आकडा आहे, आणि एक अवस्था आहे, पूर्ण, अर्धवट किंवा बंद. स्क्रीन आधी अवस्था बघते. पूर्ण असेल आणि आयटम शून्य असतील तरच ‘सापडलं नाही’ येतं. अर्धवट असेल तर वर पिवळी पट्टी, ‘पूर्ण यादी आली नाही, परत शोधा’. बंद असेल तर लाल पट्टी, ‘सर्च बंद आहे, गोडाऊनला विचारा’. पोरांना हे एका दिवसात समजलं. सोलरशी बोलणारा कोड पण एकाच फाइलमध्ये आणला, बाकी कुठेही सोलरजेचा (सोलरशी बोलायच्या जावा लायब्ररीचा) क्लास दिसत नाही. इंचाच्या चिन्हाचं म्हणाल तर आकड्यानंतर ते चिन्ह आलं की क्वेरी पाठवायच्या आधी त्याच्या जागी ‘इंच’ शब्द टाकतो, इंडेक्स करतानाही, म्हणजे आयटम सोलरमध्ये भरतानाही, तसंच, आणि पार्सर बदलून ई-डिसमॅक्स घेतला, तो माणसांनी टाइप केलेल्या वेड्यावाकड्या क्वेरीला सांभाळून घेतो, अवतरण अर्धवट राहिलं तरी कोसळत नाही. काउंटरसारख्या ठिकाणी तो पहिला साधा पार्सर, ल्युसीन (सोलरच्या आतलं शोधाचं इंजिन) वाला, गिऱ्हाईकाच्या टाइपिंगला थेट लावूच नका, हे मी कोणालाही सांगेन.

दुसरा मोठा घोळ क्रमाचा. आम्ही भाव आणि स्टॉक सोलरमध्ये ठेवत नाही, तो दर मिनिटाला बदलतो, तो मायएसक्यूएलमध्येच असतो. मग सोलरकडून आयडी घ्यायचे आणि त्या आयडींच्या ओळी डेटाबेसमधून आणायच्या, व्हेअर आयडी इन आणि पुढे यादी. आता सोलरने मेहनत करून सगळ्यात जवळचा आयटम पहिला ठेवलेला असतो, पण इन वाल्या क्वेरीला त्या क्रमाशी काही घेणं-देणं नसतं, ती आपल्या सोयीने ओळी देते, बहुतेक वेळा आयडीच्या चढत्या क्रमाने. म्हणजे शोधाची सगळी अक्कल शेवटच्या पायरीवर सांडली. पोरं म्हणायची ‘ड्रिपर ४ लिटर’ टाकलं की जुना बंद झालेला ड्रिपर आधी येतो, आणि मी आठवडाभर सोलरमध्ये बूस्ट, म्हणजे कोणत्या जुळणीला किती वजन ते, वरखाली करत बसलो होतो! बूस्टचा काही संबंधच नव्हता. शेवटी सोलरचा रिस्पॉन्स ब्राउझरमध्ये उघडून बघितला तर तिथे क्रम एकदम बरोबर. डेटाबेसच्या ओळी आधी मॅपमध्ये टाका, चावी म्हणजे आयडी, आणि मग सोलरच्या यादीवरून चालत एकेक उचला, चार ओळींचं काम आहे.

ते करताना अजून एक गोष्ट हाताला लागते. सोलरमध्ये आहे पण डेटाबेसमध्ये नाही असा आयडी कधीतरी येतो, कारण आयटम डिलीट केला पण तो बदल इंडेक्समध्ये अजून कमिट (पक्का) व्हायचा आहे. त्याला मॅपमधून नल (null, म्हणजे काहीच नाही) मिळतो. आम्ही तो गाळतो आणि लॉगमध्ये लिहून ठेवतो, आणि एकूण आकडा ‘सुमारे’ म्हणून दाखवतो. एका पानावर वीसच्या ऐवजी एकोणीस दिसले तरी कोणी तक्रार करत नाही, पण नलवर स्क्रीन फुटली तर पूर्ण काउंटर थांबतं.

तिसरं, बिलावरचे चौकोनी कंस. सुरुवातीला मी सोलरचा डीफॉल्ट सेटअप जसाच्या तसा वापरला, त्यात फील्ड आधी ठरवलेलं नसेल तर सोलर डेटा बघून स्वतः अंदाज लावतं, आणि असा अंदाजाने बनलेला फील्ड मल्टिव्हॅल्यूड असतो, म्हणजे एकच नाव असलं तरी ते यादीत गुंडाळून येतं. जावामध्ये गेट-फील्ड-व्हॅल्यू तुम्हाला ऑब्जेक्ट देतं, मी त्याला सरळ टू-स्ट्रिंग केलं, आणि थर्मल प्रिंटरमधून बिल निघालं त्याच्यावर [ड्रिपर ४ एलपीएच] असं कंसात. चोपड्याच्या एका दुकानदाराने विचारलं, हे कंसातले आयटम म्हणजे स्कीममधले आहेत का, डिस्काउंट आहे का? त्याला वाटणं साहजिक आहे, कंस दिसला की माणूस काहीतरी अर्थ लावतोच. स्कीमा (फील्डची यादी) स्वतः लिहा, प्रत्येक फील्डचा टाइप सांगा, एकच व्हॅल्यू असेल तर मल्टिव्हॅल्यूड बंद करा, एवढंच त्याला औषध आहे.

आणि फील्डच नसेल तर? ज्या आयटमला साइज भरलेला नाही त्याच्या डॉक्युमेंटमध्ये साइज नावाची चावीच येत नाही, रिकामी स्ट्रिंग नाही, शून्य नाही, काहीच नाही. माझ्या जुन्या कोडमध्ये नल आला की शून्य असं होतं. साइज ० एमएम दिसला तर माणूस हसून सोडून देतो, पण वजन किंवा पॅकिंग शून्य आलं की ट्रान्सपोर्टचा हिशोब चुकतो. नल म्हणजे ‘माहिती भरलेली नाही’, ते तसंच स्क्रीनवर दाखवा, डॅश टाका, पण आकडा बनवू नका.

हायलाइटिंगबद्दल सोलरचे थोडे गुण कापतोय. शोधलेला शब्द नावात ठळक दिसावा म्हणून हायलाइट मागितलं तर तो डॉक्युमेंटच्या आत येत नाही, रिस्पॉन्समध्ये वेगळा भाग असतो, आयडी, त्याच्या आत फील्ड, त्याच्या आत तुकड्यांची यादी. प्रत्येक आयटमसाठी तिथे जाऊन शोधावं लागतं, आणि जुळणी दुसऱ्या फील्डमध्ये झाली असेल, समजा कंपनीच्या नावात, तर आयटमच्या नावाचा तुकडा तिथे नसतोच. मग मूळ नाव दाखवायचं, ही जागा न विसरता लिहावी लागते. इलास्टिकसर्चमध्ये (सोलरसारखंच दुसरं सर्च सॉफ्टवेअर) हायलाइट प्रत्येक हिटच्या आतच असतो, हाताळायला ते सोपं वाटतं. अजून एक, तुकडा १०० अक्षरांच्या आसपास कापला जातो, आयटमचं नाव पूर्ण पाहिजे असेल तर फ्रॅगसाइज शून्य करा. आणि हायलाइटमध्ये एचटीएमएलचे टॅग येतात म्हणून लोक पूर्ण स्ट्रिंग तशीच पानावर ओततात, ते करू नका. एन्कोडर एचटीएमएल ठेवा म्हणजे नावातलं काही उलटसुलट चिन्ह पानावर टॅग म्हणून चालणार नाही.

पानांबद्दल थोडक्यात. रो किती हवेत ते सांगितलं नाही तर सोलर १० च देतं, वर नम-फाउंड मात्र ३७ सांगतं. हे दोन आकडे वेगळे आहेत, लिस्टची लांबी म्हणजे एकूण सापडलेले नव्हेत, सुरुवातीला आमच्या स्क्रीनवर सगळ्याच शोधांना ‘१० आयटम’ लिहून यायचं. काउंटरला स्टार्ट (कितव्यापासून) आणि रो (किती) एवढं पुरतं. पण रोज रात्री आम्ही पूर्ण भावपत्रक काढतो सगळ्या आयटमचं, तिथे स्टार्ट वाढवत गेलं की सोलरला प्रत्येक वेळी आधीचे सगळे मोजून टाकून द्यावे लागतात, काम वाढतच जातं. त्यासाठी कर्सर-मार्क आहे. सॉर्टमध्ये युनिक की असलीच पाहिजे, आणि थांबायचं कधी तर जो कर्सर पाठवला तोच परत आला की. रिकाम्या पानाची किंवा एकूण आकड्याची वाट बघायची नाही. हे मला फार स्वच्छ वाटलं, एकदा लिहिलं ते अजून हात लावला नाही.

डाव्या बाजूला जे कॅटेगरीचे आकडे दिसतात, फॅसेट, ते छान चालतात. जुन्या पद्धतीच्या फॅसेटमध्ये मिन-काउंट शून्य असतो त्यामुळे शून्यवाल्या कॅटेगरी पण येतात, तो १ करा. कच्चा जेसन (JSON, सोलरच्या उत्तराचा मूळ मजकूर) वाचत असाल तर नाव, आकडा, नाव, आकडा अशी सपाट यादी येते, जोड्या आपण लावायच्या, सोलरजे वापरलं तर ती डोकेदुखी नाही. स्कोअरचा आकडा मात्र गिऱ्हाईकाला दाखवू नका, टक्के करून तर अजिबात नाही, एका क्वेरीचा स्कोअर दुसऱ्या क्वेरीशी ताडता येत नाही. नानांनी ‘किती टक्के जुळलं ते दाखव’ म्हटलं होतं, मी त्यांना समजावून सांगितलं, ते ऐकले.

इलास्टिकसर्च का नाही घेतलं असं विचारतात. वाईट नाही ते, आतमध्ये दोघांच्याही ल्युसीनच आहे. उत्तर वाचताना तिथेही हेच सांभाळावं लागतं, फक्त जागा वेगळ्या. टाइम्ड-आउट ट्रू येऊनही २०० असतो, काही शार्ड (इंडेक्सचे तुकडे) फेल झालेले असू शकतात ते वेगळं बघावं लागतं, आणि ७.० पासून एकूण आकडा हा नुसता आकडा राहिलेला नाही, त्याच्यासोबत रिलेशन येतं, १०,००० आणि ‘जीटीई’ असं आलं तर त्याचा अर्थ किमान एवढे. मी सोलर घेतलं कारण ते पहिल्यापासून अपाची लायसन्सवर आहे, २००४ साली सी-नेट (CNET) या कंपनीत योनिक सीली यांनी सुरू केलं, २००६ मध्ये अपाचीकडे आलं, २०२१ पासून ल्युसीनपासून वेगळा स्वतंत्र प्रकल्प आहे, आणि मला एका मशीनवर एकच कोअर चालवायचा होता, क्लस्टर नको होता. दुकानातल्या ८ जीबीच्या मशीनवर डेटाबेस आणि सोलर दोन्ही आरामात चालतात, सोलरला डीफॉल्ट ५१२ एमबीची हीप (जावाची मेमरी) मिळते, आमच्या डेटाला ती वाढवायची गरज पडली नाही. स्प्रिंग डेटा सोलर शोधत असाल तर तो प्रकल्प आता बंद केलेला आहे, सरळ सोलरजे घ्या.

एकूण पाचपैकी चार स्टार. अर्धा हायलाइटच्या मांडणीसाठी कापला, अर्धा डीफॉल्ट सेटअपमध्ये फील्डचा अंदाज चालू असतो त्यासाठी, नवीन माणूस तिथेच अडकतो. मराठी-अहिराणीत टाइप करणाऱ्या दुकानासाठी मी पुन्हा हेच घेईन.

या मे महिन्यात लाइट दोनदा गेली भर गर्दीत. दोन्ही वेळेला स्क्रीनवर लाल पट्टी आली, पोराने फोनवर सांगितलं, "भाऊ, मशीन उठतंय, दोन मिनिटं थांबा, गोडाऊनला विचारून सांगतो," आणि रावेरवाल्याने फोन चालूच ठेवला.